वीणा उतरली, वारकरी हरवला

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी 1685 साली हा सोहळा सुरू केला. दिंड्या रथापुढे आणि रथामागे क्रमाने चालतात. त्यांच्या नोंदीसाठी रेल्समध्ये ॲप लिहायचंय असं धरू.

एका दिंडीत अनेक वारकरी. वारकऱ्याची दिंडी मात्र एकच. तेव्हा प्रत्येक वारकऱ्याच्या ओळीत 'दिंडी_आयडी' हा कॉलम, म्हणजे फॉरेन की. वारकऱ्याच्या मॉडेलात 'बिलाँग्ज टू', दिंडीच्या मॉडेलात 'हॅज मेनी'. (दिंडी क्रमांकालाच ओळख मानू नका. 5 नंबर रथापुढे असतो तसा रथामागेही असतो.)

आता विणेकरी. वीणा एका वेळी एकाच्याच गळ्यात, म्हणून बहुतेक जण वारकऱ्याच्या टेबलात 'भूमिका' कॉलम घालतात आणि दिंडीत 'हॅज वन' लिहून मोकळे होतात. पण की होती तिथेच राहते. रेल्स फक्त यादीऐवजी एक ओळ हातात देतं; दुसरा विणेकरी घुसला तर डेटाबेस अडवत नाही. विणेकऱ्यांच्या ओळींपुरता युनिक इंडेक्स आपणच लावायचा. जँगोचं वनटूवनफील्ड ही सक्ती स्वतःहून करतं.

खरी मेख नेमणुकीत आहे. 'हॅज मेनी'त '<<' केलं की भर पडते. 'हॅज वन'मध्ये '=' करून नवा विणेकरी दिला, की रेल्स तो लगेच सेव्ह करतं आणि जुन्याची दिंडी_आयडी नल करून टाकतं; वारकऱ्याचं 'बिलाँग्ज टू' सक्तीचं असेल तर मात्र नेमणूकच एरर देऊन अडते. 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' लिहिलं असेल तर जुनी ओळच पुसली जाते!

वाटेत दमलेला विणेकरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो आणि टाळ घेऊन त्याच दिंडीत चालू लागतो. आपल्या ॲपमध्ये मात्र तो दिंडीबाहेर गेलेला असतो, नाहीतर वीणा द्यायचीच अडलेली असते.

म्हणून विणेकऱ्यापुरती की उलटी फिरवावी. दिंडीच्या टेबलात 'विणेकरी_आयडी' ठेवून त्यावर युनिक इंडेक्स लावायचा, आणि 'बिलाँग्ज टू' दिंडीकडे द्यायचं. मग नेमणूक म्हणजे दिंडीच्या ओळीतला एक आकडा बदलणं, तोही सेव्ह केल्यावरच. जुन्याच्या ओळीला धक्का लागत नाही. नवा विणेकरी त्याच दिंडीतला आहे ना, हे व्हॅलिडेशनमध्ये तपासावं लागतं. शिवाय रेल्स 5 पासून नव्या ॲपमध्ये 'बिलाँग्ज टू' सक्तीचं धरलं जातं. विणेकरी ठरण्याआधी दिंडीची नोंद करायची असेल तर इथे 'ऑप्शनल' लिहायला विसरू नका.