५७व्या वर्षी ट्रॅक बदलला!

समजा, तुमचं वय ५७ आहे. तुमच्या फील्डमध्ये तुमचं नाव मोठं आहे. आणि एके दिवशी तुम्ही जाहीर करता, की ज्या कामासाठी सगळे मला ओळखतात ते बंद. आता मी दुसरंच काहीतरी करणार!

घरचे काय म्हणतील? मित्र काय म्हणतील? मला तर एका संपादकांनी साधं एवढंच ऐकवलं होतं, की तू रेस्टॉरंटवर छान लिहितेस, मग तेच लिही ना. तेवढ्यानेही आठवडाभर माझं डोकं फिरलं होतं. त्याच आठवड्यात मी फिलिप गस्टनबद्दल वाचलं.

गस्टन अमेरिकन चित्रकार, जन्म १९१३चा. जॅक्सन पोलॉक त्याचा शाळासोबती. शाळेवर टीका करणारी पत्रकं काढली म्हणून दोघांनाही शाळेतून काढून टाकलं होतं (सॉलिड जोडी!). सुरुवातीला गस्टन भिंतींवर माणसांची मोठमोठी चित्रं काढायचा. १९५०च्या सुमारास मात्र तो पूर्ण अॅब्स्ट्रॅक्टकडे वळला. कॅनव्हासच्या मधोमध थरथरणारे गुलाबी, लाल, राखाडी फटकारे, आकार-बिकार काही नाही. लोक फिदा होते. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं.

(आपले वासुदेव गायतोंडे बरोब्बर उलट्या रस्त्याने गेले, माणसांच्या चित्रांकडून निव्वळ रंगाकडे. त्यांचं मोठं प्रदर्शनही २०१४ मध्ये याच गुगेनहाइममध्ये भरलं.)

मग साठच्या दशकात बाहेर व्हिएतनाम युद्ध, दंगली, पोलिसांच्या लाठ्या. घरी बसून मासिकं वाचायची, संतापायचं आणि मग स्टुडिओत जाऊन लाल रंग निळ्याशी जुळवत बसायचं... आपण माणूस तरी कसले आहोत, असं त्याला वाटायला लागलं, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. १९६६ नंतर वर्ष-दीड वर्ष त्याने पेंटिंग जवळजवळ थांबवलं. नुसती ड्रॉइंग्ज. कधी साध्या दोन रेघा, तर कधी बूट, पुस्तक, कप असल्या वस्तू. वस्तू जिंकल्या.

ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत नवी चित्रं लागली आणि लोक हादरलेच. कार्टूनसारखे जाडजूड आकार, बुटांचे तळवे, लोंबकळणारे बल्ब आणि टोकदार टोपडी घातलेले कू क्लक्स क्लानचे गुंड, गाडीतून शहरभर फिरणारे. 'द स्टुडिओ' या १९६९च्या चित्रात तर असाच एक टोपडंवाला सिगरेट ओढत स्वतःचंच पोर्ट्रेट रंगवतोय. म्हणजे तो गुंड दुसरा-तिसरा कोणी नाही, मीच असू शकतो, असं ज्यू आईबापांचा हा मुलगा म्हणत होता. मला त्याचं हे धाडस शैली बदलण्यापेक्षाही मोठं वाटतं.

समीक्षकांनी झोडपलं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये हिल्टन क्रेमरने तर शीर्षकातच त्याला अडाण्याचं सोंग घेतलेला पंडित ठरवलं. विलेम डी कूनिंगसारखा एखादाच पाठीशी उभा राहिला. हे स्वातंत्र्याबद्दल आहे, हे त्याला कळलं होतं.

टीकेचं एक वेळ ठीक आहे हो. पण मॉर्टन फेल्डमन? हा संगीतकार गस्टनचा जिगरी दोस्त. दोघांच्या रात्री-रात्री गप्पा चालायच्या, अॅब्स्ट्रॅक्ट हा जणू दोघांचा सामायिक धर्म. नव्या चित्रांसमोर उभं राहून गस्टनने त्याला विचारलं, कसं वाटतंय? फेल्डमन म्हणाला, जरा आणखी एक मिनिट बघू दे. बस्स. मैत्री तिथेच संपली, असं फेल्डमनने पुढे सांगितलं. एका मिनिटाची चाचपड, आणि वीसेक वर्षांची दोस्ती खल्लास! गस्टनची चूक की फेल्डमनची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नावडलेल्या चित्राला 'वा' म्हणायला हवं होतं का?

गस्टन मात्र मागे फिरला नाही. १९७८ मध्ये त्याने एक चित्र काढलं, 'फ्रेंड - टू एम. एफ.'. त्यातल्या मित्राने तोंड फिरवलेलं आहे. जून १९८० मध्ये गस्टन वारला. त्याच्या काही आठवडे आधी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं मोठं प्रदर्शन सुरू झालं होतं आणि लोकांचं मत हळूहळू पालटत होतं. तरी ती टोपडी आजही टोचतात. २०२० मध्ये चार बड्या म्युझियम्सनी लोकांचा गैरसमज होईल म्हणून त्याचं प्रदर्शन पुढे ढकललं. कलाकार भडकले. शेवटी २०२२ मध्ये ते बोस्टनला उघडलं.

आणि फेल्डमन? १९८४ मध्ये त्याने एक रचना केली, 'फॉर फिलिप गस्टन'. बासरी, पियानो आणि तालवाद्यं, अगदी हलक्या आवाजात, चार तासांहून जास्त! परवा रात्री हेडफोन लावून ऐकायला बसले. अजून दुसऱ्या तासातच आहे.