पाहुणी नव्हे, घरची

परदेशी जाऊन शिकणे ही गोष्ट आपल्या बडोद्याच्या मराठी घरांना आता नवी राहिलेली नाही. पदवी घेऊन अमेरिकेस गेलेला एखादा पुतण्या किंवा भाची बहुतेक घरांत निघेल. पण पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीने दहा महिने सर्वस्वी परक्या देशात जावे, वसतिगृहात न उतरता एका कुटुंबात त्या घरचे मूल म्हणून राहावे, तेथल्याच शाळेत जावे, आणि यजमानांनी बहुधा त्याचा एक पैसाही घेऊ नये, हा प्रकार अजून पुष्कळांना अपरिचित आहे. आमच्या घरी तो दोन्ही बाजूंनी घडला. म्हणून हे चार शब्द.

या योजनांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तरुणांनी परदेशी कुटुंबांत राहून तो देश समजून घ्यावा, हा प्रयोग डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी 1932 साली आरंभिला. दुसरी संस्था मूळची रुग्णवाहिका चालवणाऱ्यांची. 1915 पासून फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’च्या स्वयंसेवकांनी दोन महायुद्धे पाहिली, आणि 1947 पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण हाती घेतली. ज्याच्या घरचे अन्न आपण खाल्ले त्याच्यावर शस्त्र उचलणे जड जाते, एवढा साधा विचार त्यामागे दिसतो.

आम्हा गाणाऱ्यांना मात्र परघरी राहून शिकणे मुळीच नवे नाही. भास्करबुवा बखले यांनी याच शहरात फैज महंमदखाँसाहेबांकडे तालीम घेतली. माझे वडील लहानपणीच दरबारच्या गवयांत सामील झाले; संस्थान 1949 साली विलीन झाले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्यांचाही बराच काळ उस्तादांच्या घरी गेला. तिथे हुक्का भरावा, बाजारातून सामान आणावे, आणि उस्तादांची मर्जी लागली म्हणजे शिकावे. संध्याकाळी ते परतले की त्यांची आजी त्यांना आधी विहिरीवर पाठवी. आंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाऊल. पण “तिकडे जाऊ नकोस” असे मात्र ती माउली कधी म्हणाली नाही.

2018 च्या जुलैत जर्मनीची एक सोळा वर्षांची मुलगी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी राहावयास आली. तिचे नाव येथे देणे उचित नव्हे. आमच्या मातोश्रींनी पहिल्याच आठवड्यात तिला ‘बाळ’ म्हणण्यास सुरुवात केली, आणि पुढे गल्लीनेही तेच नाव चालवले.

पहिली अडचण दाराची निघाली. जर्मन घरांतून खोलीचे दार लावून बसणे ही नित्याची गोष्ट. त्यात राग नाही की रुसवा नाही. आमच्या घरात दिवसा दार लागते ते आजारपणात किंवा भांडणात. त्यामुळे दार लागले की मातोश्री बाहेर घुटमळत, आणि दहा मिनिटांत चहा, लाडू, चिवडा असे काहीबाही आत जाई. बिचारीचा अभ्यास राहिला बाजूला.

दुसरी अडचण ‘नको’ या शब्दाची. त्यांच्याकडे कुणी काही देऊ केले असता नुसते ‘डांके’ म्हटले तरी ‘आभारी आहे, नको’ असा अर्थ घेऊन ताट पुढे सरकते. आपल्याकडे पहिला नको शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा, आणि तिसरा झाला तर खरा. ती नको म्हणे आणि पानात पोळी पडे. उलट एकदा तिने आपण होऊन विचारले, “आजी, चहा करू?” मातोश्री म्हणाल्या, “नको गं.” ती निमूटपणे अभ्यासाला गेली, आणि मातोश्री चहावाचून तासभर बसून राहिल्या! पुढे दोघींनी आपसात करार केला: आजीचा दुसरा नको खरा, आणि बाळचा पहिलाच.

भाषेची तर तिला तारेवरची कसरत. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. आपण मेथीलाही भाजी म्हणतो आणि बटाट्यालाही. गुजरातीत पालेभाजी ती भाजी, बाकी सारे शाक. खंडेराव मार्केटात तिने ‘बटाट्याची भाजी’ मागितली तेव्हा भाजीवालीबेन हसत सुटली. तू आणि तुम्ही हा भेद जर्मनमध्येही असल्याने तो तिला चटकन कळला. तिचा प्रश्न निराळाच होता. “काकू काकांना ‘अहो’ म्हणतात, मग सर्वांत मोठ्या आजीला सगळे ‘तू’ कसे म्हणता?” याचे उत्तर व्याकरणात नाही. आजीला तू म्हणण्यात जवळीक आहे, असे मी सांगितले. त्या दिवसापासून तीही तू म्हणू लागली.

ती व्हायोलिन वाजवी. इंग्रज ज्याला ‘बी’ म्हणतात त्या स्वराला जर्मन लोक ‘हा’ म्हणतात, आणि त्यांचा ‘बे’ हा त्याच्या खालचा कोमल, हे तिने मला शिकवले. तिला नवल वाटे ते आपल्या षड्जाचे. माझा सा काळी एकचा, माझ्या मुलीचा काळी चारचा, आणि दोन्ही सा-च. “मग खरा सा कोणता?” मी म्हटले, “ज्याच्या त्याच्या गळ्याला मानवेल तो. एकदा धरला की बाकीचे स्वर त्यावरून लावायचे.” यावर ती बराच वेळ गप्प बसली.

डिसेंबरात तिला घराची फार आठवण येऊ लागली. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक वाढवीत चार मेणबत्त्या लावण्याची त्यांची चाल आहे. तिने दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या मागून घेतल्या. मातोश्री म्हणाल्या, “देवघरात लाव, वारा लागत नाही.” आमच्या एका नातलग बाईंना हे रुचले नाही. परधर्मी मुलगी देवघरात? मातोश्रींनी वातीवरची नजर न काढता उत्तर दिले, “आंघोळ केली आहे तिने.” सासरी आल्यावर ऐकलेली ती विहिरीची गोष्ट मातोश्रींना ठाऊक होती. नियम त्यांनी मोडला नाही. घरच्या मुलीला जो लागू, तोच तिलाही लावला.

ती 2019 च्या मे महिन्यात परत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात आमची मुलगी जर्मनीस दुसऱ्या एका कुटुंबात गेली. “पोरीला परक्याच्या घरी ठेवता?” असे बऱ्याच जणांनी विचारले. तिकडे संध्याकाळचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि लोणच्यातली काकडी. कडाक्याच्या थंडीतही रोज खिडक्या उघडून हवा घ्यायची. कचरा निरनिराळ्या डब्यांत टाकायचा. आणि रविवारी गोंगाट नाही. पहाटेचा रियाझ सोडून तिला तो दुपारी उशिरा करावा लागला.

मार्च 2020 मध्ये महामारीने सारे उलटे झाले. अशा योजना जगभर आवरत्या घेण्यात आल्या. मुलीचे तिकीट ठरेपर्यंत 18 मार्चपासून युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना भारतात बंदी झाली, आणि 22 पासून परदेशी प्रवासी उड्डाणेच थांबली. योजना संपली होती; त्या कुटुंबावर कसलेही बंधन उरले नव्हते. मी संकोचत दूरध्वनी केला, खर्चाचे बोलू लागलो. पलीकडच्या बाईंनी मध्येच थांबवले. त्या म्हणाल्या, ती आमच्याकडे पाहुणी नाही, तिचा विषय घरात निघतच नाही. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी व्यवस्थेच्या विमानाने ती परत येईपर्यंत त्यांनी तिला सांभाळले. त्या दोन महिन्यांत मला जी झोप लागली, ती त्या एका वाक्यावर.

आपल्या जुन्या घरांच्या माड्या आज रिकाम्या आहेत. मुले पुण्याला, नाहीतर परदेशी. ज्यांना शक्य असेल त्यांनी एका तरी विद्यार्थ्याला घरी ठेवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फार करावे लागत नाही. त्याला घराची किल्ली द्यावी, दूध आणण्यासारखे एखादे काम नेमून द्यावे, आणि चुकल्यास आपल्या मुलांना बोलतो तेवढेच बोलावे. आमची बाळ पहिले कित्येक महिने पाण्याच्या पेल्यालाही आभार मानी. फेब्रुवारीच्या सुमारास ते बंद झाले. ते आधी मातोश्रींच्या लक्षात आले, आणि त्या सुनेला हळूच म्हणाल्या, “रुळली हो पोर.”