उत्तनचा किनारा आणि हातातला कॅमेरा

भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत डोंगरीमार्गे उत्तनला पोहोचले की बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील नजरेस पडतात. तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेल्या या मासळीची रांग मावळतीच्या उन्हात मोठी देखणी दिसते. सुटीचा पाहुणा खिशातून स्मार्टफोन काढतो, एक छायाचित्र टिपतो आणि परत फिरतो. चित्र सुंदर येते, पण त्यात कथा नसते. हे बोंबील कोणी आणले, कोणी निवडले, आणि अवकाळी पावसाची एक सर आली तर त्या घराचे काय होते, याचा त्यावरून बोध होत नाही.

मुंबई परिसरात छायाचित्रण जुने आहे. १८५४ साली मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार होते. पुढे १८६३ व १८६६ मध्ये विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली, तर पार्श्वभूमी दुसऱ्याच ठिकाणची जोडलेली आहे. जड कॅमेरा, काचा आणि रसायने घेऊन हिंडणे त्या काळी सोपे नव्हते, हे खरेच. परंतु कोणाला कोठे उभे करावयाचे हे कॅमेरावाला ठरवीत असे, हेही तितकेच खरे. २००० सालाच्या सुमारास जपानमध्ये कॅमेरा असलेले भ्रमणध्वनी बाजारात आले आणि पाहता पाहता ज्याचे काम त्याच्याच हाती कॅमेरा आला.

चित्रकथेसाठी एक चित्र पुरत नाही. पहाटे किनाऱ्यास लागणारी होडी, डोल जाळ्यातून निघालेली मासळी, ती निवडणारे हात, वलांडीपाशी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा आणि शेवटी बाजारातील टोपली, अशी पाचसहा चित्रे क्रमाने मांडली म्हणजे कथा आकार घेते. हातांचे चित्र घेण्यासाठी पडद्यावर ते मोठे करू नये, दोन पावले जवळ जावे. कारण अनेक फोनांत मोठे केलेले चित्र हे मूळ चित्राचा कापलेला तुकडाच असतो. खाऱ्या हवेने भिंगावर थर बसतो, म्हणून ते मऊ कापडाने पुसावे. आणखी एक बारकावा असा की, आजचे फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतात व सावल्या उजळतात. त्यामुळे पहाटेचा अंधार दिवसासारखा दिसू लागतो. पडद्यावर बोट ठेवून प्रकाश कमी केला तर पहाट पहाटच राहते.

ज्याचे चित्र घ्यावयाचे त्यास आधी विचारणे हा साधा शिष्टाचार. गर्दीच्या बाजारात तोच बहुधा विसरला जातो. चित्राखाली गाव, दिनांक आणि कामाचे स्थानिक नाव लिहावे. ही नावे वयस्क कोळी स्त्रियांकडूनच नीट कळतात.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने कोकण किनाऱ्यावर होड्या, जाळी व घरे यांची हानी केली. वादळानंतरचे चित्र सर्वच घेतात. आदल्या आठवड्याचे, काहीच न घडलेल्या दिवसाचे चित्र क्वचितच कोणाजवळ असते. पंचनाम्याच्या वेळी काय होते आणि काय गेले हे दाखविण्यास तेच उपयोगी पडते. मूळ चित्रात दिनांक व वेळ, आणि सोय चालू असल्यास स्थळही नोंदलेले असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविताना ही नोंद गळून पडते. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास टिकते. यास्तव मूळ प्रत फोनमधून पुसून टाकू नये.

मीरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपरिषद झाले, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मिठागरांलगत उंच इमारती उभ्या राहिल्या. हा पालट एका दिवसात दिसत नाही. एकाच जागी उभे राहून दर महिन्याला एक चित्र घेतले, तर वर्षअखेर बारा चित्रांत तो दिसू लागतो. पावसाळी मासेमारी बंदीतील महिनेही त्यातून वगळू नयेत. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, मोकळ्या वलांड्या आणि ओसरीत जाळी विणीत बसलेली माणसे त्याच वेळी चित्रात येतात.