सापाची 'लस' म्हणजे काय?



गळीत हंगाम सुरू झाला की फडात कोयता चालतो आणि पाचटाखालचा साप बाहेर पडतो. रात्रीच्या लाईटीवर पाणी धरणारा सभासद असो की कोपीत भुईवर निजणारा तोडणी मजूर, धोका दोघांनाही आहे. पान लागले की आपण 'सापाची लस' मागतो. खरे पाहता ती लस नव्हेच.

लस टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते. त्याला आठवडे लागतात. सापाचे विष तेवढा दम धरत नाही, म्हणून हे काम घोड्याकडून करून घेतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी काढून बाटलीत भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम अनेक वर्षे झाले.

दहा बाटल्या म्हटले की नातेवाईक घाबरतात. पण हिशेब साधा आहे. १० मिलीची एक बाटली घोणसीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते, आणि घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६० मिलिग्रॅम विष सोडते. लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

प्रतिपिंड रक्तात फिरणारे विष धरते. मूत्रपिंडाचे झालेले नुकसान ते भरून देत नाही. पाण्याने फडाची आग विझते, जळालेला ऊस काही परत उभा राहत नाही. मारुतीच्या पारावर गेलेले दोन तास असे महागात पडतात. आपल्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण भागातील सर्पदंश उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला आहे.

आता घोड्याविना, कारखान्यात पेशी वाढवून एकाच जातीचे प्रतिपिंड काढता येते. कुत्रा चावल्यावर द्यावयाचे असे औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणले, त्याला २०१६ साली परवानगी मिळाली. नाग, मण्यारीच्या विषावर असेच प्रतिपिंड बेंगळुरू व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये उंदरांवर तपासले. घोणसीवर मात्र ते चालत नाही. म्हणजे दवाखान्यात आज घोड्याचीच बाटली.

मण्यारीच्या दंशाची कळ येत नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या तर वाट पाहू नये. चिरा देऊ नये, दोरी आवळू नये. रोग्याला चालवू नका, १०८ ला फोन करा.

— ऊस विकास अधिकारी