खोक्यातले उंदीर आणि रिकामी खुर्ची

रंगमंचावर एक टेबल, काही खुर्च्या आणि पुठ्ठ्याचं एक खोकं. खोक्यात उंदीर आहेत असं धरून चालायचं. उंदराचा मुखवटा घालून नट उभा करण्याचा मोह टाळावा. तो हमखास टाळ्या घेतो खरा, पण उंदीरच बोलायला लागला की बाकीच्यांना ठरवण्यासारखं काही उरत नाही.

हा प्रकार फोरम थिएटरचा. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी तो १९७०च्या दशकात घडवला. आधी छोटा प्रसंग वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा, आणि या वेळी प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून उठतं, एका पात्राची जागा घेतं. तेव्हा नटांकडे संहिता नसते. भूमिका न सोडता जागच्या जागी उत्तर द्यायचं. बतावणी पाहिलेल्यांना हा हजरजबाबीपणा नवा नाही. फक्त इथे सोंगाड्या आपल्या शेजारून उठून जातो.

प्रसंग एथिक्स कमिटीच्या बैठकीचा. भारतात प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला ही कमिटी नेमावीच लागते, आणि तिच्यात शास्त्रज्ञ व पशुवैद्यांबरोबर शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक भान असलेला एक सदस्यही लागतो. प्रेक्षक येऊन बसतो तो याच खुर्चीत.

संशोधक बाई संधिवाताच्या औषधासाठी ४० उंदीर मागतात. पहिल्या फेरीत चहा संपायच्या आत मंजुरी. दुसऱ्या फेरीत कुणी तरी उठतं: “चाळीस कशाला? दहांत भागवा.”

“दहांत औषधाचा गुण कुठला आणि योगायोग कुठला, ते कळणारच नाही. मग ते दहाही फुकट गेले ना?”

सभागृह गप्प. मग मागून प्रश्न येतो, “पण चाळीस हा आकडा काढला कसा?” प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा, अशी एकेक करून प्रेक्षकांच्याच तोंडून येतात. फलक लावायची गरज पडत नाही.

त्रासाचा मुद्दा हाताने दाखवावा. “उंदीर उचलता कसा?” असं कुणी विचारलं की नट चिमटीत शेपटी धरल्याची खूण करतो. मग प्रेक्षकाच्या हातात पुठ्ठ्याची नळी द्यायची. ती खोक्यात आडवी ठेवायची, उंदीर आत शिरेपर्यंत थांबायचं, मग नळीसकट उचलायचं. शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला जास्त बिचकतात, हे प्रयोगांतूनच दिसलेलं आहे. एवढंसं थांबणं रंगमंचावर फार लांब वाटतं. तो वेळ भरून काढू नये.

खरी कसोटी सूत्रधाराची. बोआल त्याला जोकर म्हणत. “सगळे प्रयोग बंद करा!” म्हणणाऱ्याला त्याने गप्प करायचं नाही, बोटं आखडलेल्या रुग्णासमोर बसवायचं. “औषध हवं तर उंदीर मरणारच” म्हणणाऱ्याला प्राणिगृहातल्या मदतनिसाची भूमिका द्यायची. प्रयोग संपल्यावर ते खोकं त्यालाच उचलायचं असतं.

तालमींना एखादा पशुवैद्य आणि संशोधक बसलेले असावेत, प्रयोगाला पहिल्या रांगेत. उत्स्फूर्तपणाच्या भरात नट थाप मारतात, आणि रंगमंचावरची थाप लोक घरी घेऊन जातात. त्या दोघांच्या हातात एक घंटा द्यावी.