वर्ध्याचे मास्तर, मेक्सिकोची शाळा

परदेशात जाऊन विनामूल्य शिकवणारा शिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा गोरा पाहुणा येतो. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्यातलेच एक गृहस्थ उलट दिशेने गेले आणि मेक्सिकोच्या खेड्यांत शेतकऱ्यांसाठी बिनफीच्या शाळा चालवू लागले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, मूळचे वर्ध्याकडचे. आपल्या कॅडेटना त्यांची ओळख आणखी एका कारणासाठी असावी. तेही मिलिटरी शाळेत शिकले होते.

ती शाळा म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन राफेल गावची माउंट टॅमलपायस मिलिटरी अकॅडमी. इंग्रजांशी लढायचे तर कवायत आणि शस्त्रे आली पाहिजेत, एवढा सरळ हिशेब होता. त्याच देशात त्यांनी शेतीशास्त्राचाही अभ्यास केला. गदर चळवळीच्या पहिल्या फळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. पण युद्ध संपल्यावर मायदेशी परतणे म्हणजे तुरुंग पत्करणे होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि राजधानीच्या पूर्वेस चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. बंदूक सुटली, शेतीची विद्या हाती राहिली.

मेक्सिकोला अशा माणसाची गरज का होती, हे समजून घेतले पाहिजे. तिथे १९१० मध्ये क्रांती सुरू झाली. तोवर चांगली जमीन मोठमोठ्या जमीनदारांच्या हाती होती आणि कुळे त्यांच्याकडे राबत होती. १९१७ च्या राज्यघटनेने जमीन गावांना वाटून देण्याची वाट मोकळी केली. चापिंगोचे विद्यालयही अशाच एका जुन्या जमीनदारी वाड्यात भरू लागले. माणसाचे नव्हे, जमिनीचे शोषण शिकवायचे, असे त्याचे ब्रीद आहे. पण जमीन मिळाली म्हणजे पीक येते असे नाही. कालपर्यंत दुसऱ्याच्या हुकमाने नांगर धरणाऱ्याला आता बियाणे, खत, पाणी यांचे निर्णय स्वतः घ्यायचे होते. तो विद्यालयात येऊन चार वर्षे बसू शकत नव्हता. म्हणून शाळाच त्याच्या गावी न्यायची, हा खानखोज्यांच्या मुक्त कृषी शाळांमागचा विचार. १९२८ च्या सुमारास टीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी या शाळांची छायाचित्रे काढली. त्यांतल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचे नाव होते. शेतकरी संघटनांचा या कामाला आधार होता. विद्यार्थी म्हणजे रुंद काठाच्या टोप्या घातलेली प्रौढ, राबणारी माणसे.

अशा शिक्षकाचा दिवस कसा जात असेल? पहिली अडचण भाषेची. शिकवायचे स्पॅनिशमध्ये, आणि त्या भागातल्या कित्येक खेड्यांत घरची बोली नाहुआत्ल. म्हणजे शिक्षकाला आधी विद्यार्थी व्हावे लागणार. सातारा-सोलापूरहून बेंगळुरूला आलेल्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. पहिल्या महिन्यात ‘ऊट आयता?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे आपणही मेसमध्येच शिकलो. जेवणाची मात्र फारशी पंचाईत नसावी. तिथले रोजचे अन्न मक्याची तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, धुवायचा, दगडी पाट्यावर वाटायचा आणि हातावर थापून तव्यावर टाकायचा. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या वैदर्भीय माणसाला यात परके वाटण्यासारखे थोडेच! सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मिरची.

खरा वर्ग शेतात. खानखोज्यांचा मुख्य विषय मक्याची सुधारणा. शेतकऱ्याची जुनी सवय अशी, की कापणीनंतर राशीतले सर्वांत मोठे कणीस बियाण्याला ठेवायचे. यात चूक कुठे आहे? ते कणीस कदाचित उकिरड्याशेजारी उगवलेल्या ताटाचे असेल. मोठेपण खताचे, बीजाचे नव्हे. म्हणून निवड उभ्या पिकातून करायची: चारही बाजूंनी सारखी दाटी असताना जे ताट सरस ठरले, त्यावर खूण करायची. दुसरी गोष्ट परागाची. मक्याचा तुरा नर, कणसाच्या टोकाचे केस मादी, आणि पराग वाऱ्याने उडतो. शेजारच्या शेतातले हलके वाण आपले वाण बिघडवू शकते. दोन वाणांचा संकर हवा असेल तर एका वाणाच्या ओळींचे तुरे वेळीच खुडायचे, म्हणजे त्या कणसांत दुसऱ्याचेच पराग जातील. हे फळ्यावर सांगून पटत नाही. तुरा हातात घेऊन झटकला आणि पिवळी धूळ उडाली की पटते.

खानखोज्यांनी मक्याचा संकर तेओसिंते या त्याच्या रानटी भाऊबंदाशीही करून पाहिला. (संकराची अशी एक गोष्ट आपल्या ताटातही आहे. कर्नाटकात लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर केला; त्या वाणांचे नाव ‘इंडाफ’. मेसमधल्या रागीमुद्द्याला नाक मुरडण्याआधी हे आठवावे.)

या कामाचा मान मेक्सिकोने ठेवला. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचे चित्र काढले. त्यात मेजाच्या प्रमुख जागी बसून भाकर मोडणाऱ्या माणसाचा चेहरा खानखोज्यांचा आहे.

मायदेशाचा रस्ता मात्र लांबला. देश स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीतले नाव त्यांना आडवे आले. ज्या राज्याविरुद्ध ते लढले, त्या राज्याचा कागद राज्य गेल्यावरही चालू राहिला, हे मला त्यांच्या जखमेपेक्षा कठीण वाटते. पुढे ती अडचण दूर झाली आणि ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. ज्या आवारात ते शिकवायचे, तिथेच तो उभा आहे.