अकीकातले पट्टे वर्षं मोजत नाहीत

ठाण्यात वागळे इस्टेटच्या पाठीशी येऊरचे जे डोंगर उभे आहेत, ते दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचे. याच खडकाच्या पोकळ्यांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी अकीक सापडतो. त्यामुळे उकळता लाव्हा थिजताना अकीकाचे पट्टे पडले, असा सर्रास समज आहे. त्यात निम्मंच खरं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अकराशे-बाराशे अंश तापमानाचा लाव्हा थिजला आणि त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. त्या भरल्या मागाहून, खडकातून झिरपणाऱ्या सिलिकायुक्त पाण्याने. पुरावा नमुन्यातच दिसतो. पट्टे पोकळीच्या भिंतीची प्रत्येक वळणवाट पाळतात. भिंतीलगतचा आधीचा, मधला नंतरचा. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे अभ्यासही बहुतेक अकीक शंभर अंशांच्या आतबाहेर तयार झाल्याचं सुचवतात.

थर एकावर एक चढले, तर झाडाच्या वलयांसारखे ते मोजून वय का सांगू नये, असं कुणी विचारेल. वलयं ऋतूंमुळे पडतात. जमिनीखालच्या बंद पोकळीत उन्हाळा-पावसाळ्याची फेरी पोचण्याची खात्री नाही. शिवाय एका मिलिमीटरमध्ये अनेक पट्टे मावतात. सिलिकाचं प्रमाण, अशुद्धी आणि सूक्ष्म तंतूंच्या वाढीचा वेग बदलला की नवा पट्टा पडतो. वाढीची ही रीत नेमकी कशी चालते, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. पण पट्टा म्हणजे वर्ष, हे कुठल्याच मताला धरून नाही. काही नमुन्यांत तळाशी सरळ आडवे थर असतात, ते पट्टे भिंतीची वळणं पाळतात या म्हणण्याला छेद देत नाहीत. तिथे सिलिका गुरुत्वाकर्षणाने खाली बसली. खडक नंतर कलला असेल, तर तो कलही त्यांवरून ओळखता येतो.

तिसरा गैरसमज रंगांचा: ते सगळे नैसर्गिकच असतात असा. तांबडा-तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. खंबातचे कारागीर दगड तापवून तो गडद करतात. बाजारातले झगझगीत निळे-गुलाबी काप मात्र बहुधा रंगवलेले असतात. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनमध्ये एकोणिसाव्या शतकातच हे तंत्र रुळलं. साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात टाकल्यावर पट्टे काळे होतात. भिंगातून पाहा: रंग सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांत साचतो, मधले पारदर्शक स्फटिक जवळजवळ कोरे राहतात. रंगवणं हा गुन्हा नाही. ते लपवणं हा गुन्हा आहे. म्हणून संग्रहातल्या चिठ्ठीवर गाव आणि खडकासोबत ‘रंगवलेला’ किंवा ‘तापवलेला’ हा शब्दही हवाच, कारण त्याशिवाय तो नमुना अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.